स्का ऐकायचा तर ट्रॉम्बोनवाल्याच्या मागे जा

प्रश्न: स्का हा संगीताचा प्रकार नुकताच कानावर पडला. मॅडनेस आणि रील बिग फिश ही दोन्ही नावं एकाच यादीत दिसतात, पण ऐकताना दोघांचा एकमेकांशी काही संबंध लागत नाही. नेमकं काय ऐकायचं आणि कुठून सुरुवात करायची? हॉर्न सेक्शन, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्स-ट्रॉम्बोन अशा फुंकवाद्यांचा गट, असलेले बँड हवे आहेत. शिवाय आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये एक ट्रम्पेट, एक टेनर सॅक्सोफोन आणि एक ट्रॉम्बोन आहे. आम्हाला यातलं काही वाजवता येईल का?

उत्तर:

संबंध लागत नाही यात तुमच्या कानाचा दोष नाही. या दोन बँडच्या गाजलेल्या रेकॉर्डमध्ये सोळा-सतरा वर्षांचं अंतर आहे, मध्ये अख्खा अटलांटिक महासागर आहे (मॅडनेस ब्रिटनचा, रील बिग फिश अमेरिकेचा), आणि दोघांच्या मागे जे मूळ आहे त्याचं, म्हणजे जमैकाचं, नाव तुमच्या प्रश्नात आलेलंच नाही. मी ट्रॉम्बोन (नळी पुढे-मागे सरकवून वाजवायचं पितळी वाद्य) वाजवतो, पुण्या-मुंबईत मिळेल त्या बँडच्या हॉर्न सेक्शनमध्ये उभा राहतो आणि सेक्शनसाठी अरेंजमेंट लिहितो. त्यामुळे उत्तर वादकाच्या बाजूनं येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा सल्ला एकच आहे. 'पहिली लाट, दुसरी लाट, तिसरी लाट' अशा याद्या सध्या बाजूला ठेवा आणि एखाद्या वादकाचा माग काढा. इतर संगीतात हे नेहमी जमेलच असं नाही, स्कामध्ये जमतं. कारण हे संगीत एका शहरातल्या मोजक्या लोकांनी घडवलं आणि त्यांच्यातलेच काही जण पुढे दुसऱ्या देशात, आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांबरोबर वाजवताना सापडतात.

आधी ठेका समजून घ्या, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. पायानं एक, दोन, तीन, चार अशी लय धरा आणि तोंडानं 'एक नी दोन नी तीन नी चार नी' म्हणा. स्काची गिटार त्या 'नी'वर पडते. खालून वर ओढलेला आखूड फटका, आणि लगेच बोटं सैल सोडून आवाज बंद. पियानो किंवा ऑर्गन असेल तर तोही तिथेच. याला स्कँक म्हणतात. तबला शिकला असाल तर केहरव्याच्या आठ मात्रा मोजा, दुसरी, चौथी, सहावी आणि आठवी या मात्रांवर गिटार येईल. खाली बास मात्र जॅझसारखा दर ठोक्याला एकेक सूर टाकत चालत राहतो, आणि ड्रमचा जोर दोन आणि चारवर. रेगे ऐकलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल, आणि वाटायलाच हवं: १९६६च्या सुमारास स्काची लय उतरली त्याला रॉकस्टेडी म्हणाले, आणि १९६८च्या आसपास त्यातून रेगे निघाला. स्का हा रेगेचा बाप आहे. अनेकांना उलटं वाटतं, कारण बॉब मार्लीचं नाव आधी कानावर येतं.

आता किंग्स्टन. १९५०च्या दशकात जमैकाच्या या राजधानीत गरीब वस्त्यांमधली करमणूक म्हणजे साउंड सिस्टिम: मोठाले स्पीकर, एक अॅम्प्लिफायर, रेकॉर्ड्स आणि मोकळ्या जागेत भरलेला नाच. वाजायचं ते अमेरिकेतलं रिदम अँड ब्लूज, त्यातही न्यू ऑर्लिन्सकडचं, फॅट्स डॉमिनो वगैरे. दशक संपता संपता अमेरिकेची आवड बदलली आणि नाचणाऱ्यांना हवी तशी नवी रेकॉर्ड मिळेना. तेव्हा सिस्टिमवाल्यांनीच स्थानिक वादकांना स्टुडिओत बोलवायला सुरुवात केली. त्यातली तीन नावं लक्षात ठेवा: क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड, ड्यूक रीड आणि प्रिन्स बस्टर. रीड आधी पोलिसात होता, नंतर दारूचं दुकान चालवायचा. बस्टर बॉक्सिंग केलेला माणूस. डॉडनं १९६३ साली ब्रेंटफर्ड रोडवर स्वतःचा स्टुडिओ थाटला, तोच पुढे जगभर गाजलेला स्टुडिओ वन. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाला तेव्हा रस्त्यावर वाजत होता तो स्काच.

अमेरिकन ठेका किंग्स्टनमध्ये आला आणि त्यातला ऑफबीट फुगून पुढे आला, एवढंच असतं तर मी तुम्हाला एवढं लांबण लावलं नसतं. हॉर्न कुठून आले हा खरा प्रश्न आहे. एवढ्याशा गरीब बेटावर इतके चांगले ट्रॉम्बोन, ट्रम्पेट आणि सॅक्स वाजवणारे एकाच पिढीत कसे निघाले?

त्याचं मोठं उत्तर एका शाळेत आहे. किंग्स्टनच्या साउथ कॅम्प रोडवरची अल्फा बॉइज स्कूल ही १८८० साली सुरू झालेली, अनाथ, निराधार किंवा घरी सांभाळता न येणाऱ्या मुलांची संस्था. नंतर ती कॅथलिक जोगिणींच्या 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या संघाकडे गेली. मुलांना सुतारकाम, छपाई, शिवणकाम असे हातचे धंदे शिकवत, आणि त्यांच्याच बरोबरीचा एक धंदा म्हणजे बँड. वाजवता आलं तर लष्कराच्या बँडमध्ये किंवा हॉटेलच्या बँडमध्ये पोट भरेल, असा सरळ हिशेब. सिस्टर मेरी इग्नेशियस यांनी ही परंपरा अनेक दशकं सांभाळली. त्यांच्याकडे रेकॉर्ड्सचा मोठा संग्रह होता, मुलांना त्या जॅझ ऐकवायच्या. २००३ साली त्या गेल्या तेव्हा त्यांच्या हाताखालून गेलेले वादक जगभर विखुरलेले होते. टॉमी मकुक, डॉन ड्रमंड, जॉनी 'डिझी' मूर, लेस्टर स्टर्लिंग, रिको रॉड्रिग्ज हे सगळे अल्फाचे.

मराठी वाचकाला हे अगदीच परकं वाटू नये. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथून निघालेले वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायला आले आणि दिवसा फिल्म स्टुडिओत बसू लागले. हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट ताजमध्ये स्वतःचा बँड चालवायचा आणि आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांसाठीही वाजवायचा. रामचंद्रांच्या १९५०च्या दशकातल्या गाण्यांतले हॉर्न ज्या कानांनी ऐकलेत, त्यांना किंग्स्टनच्या हॉर्नमधला डान्स बँडचा सूर चटकन ओळखू येईल. जमैका आणि गोवा यांचा थेट संबंध काही नाही, पण दोन्हीकडे वादकाची जडणघडण जवळपास एकाच रस्त्यानं झाली: धार्मिक संस्थेत शिस्तीत वाजवायला शिकायचं, हॉटेलात जॅझ वाजवून हात तयार करायचा आणि दुसऱ्याच्या नावावर निघणाऱ्या गाण्यात स्टुडिओत बसायचं.

'दुसऱ्याच्या नावावर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. स्काचा सगळ्यात मोठा बँड स्कॅटलाइट्स. मकुक आणि रोलंड अल्फोन्सो टेनरवर, स्टर्लिंग आल्टो सॅक्सवर, मूर ट्रम्पेटवर, ड्रमंड ट्रॉम्बोनवर, जॅकी मिटू पियानोवर, लॉइड ब्रेव्हेट बासवर आणि लॉइड निब ड्रमवर. त्या नावानं हे सगळे १९६४ साली एकत्र आले आणि ऑगस्ट १९६५मध्ये बँड फुटला. जेमतेम सव्वा वर्षाचा संसार. पण या नावाच्या आधी आणि नंतरही हेच लोक किंग्स्टनच्या स्टुडिओंमध्ये रोज वाजवत होते. वेलर्सचं 'सिमर डाउन' लावा. पोरसवदा मार्ली आणि मंडळी गातायत, आणि मागे वाजवणारे हे. म्हणून साठीच्या दशकातला स्का शोधताना गायकाच्या नावावर जाऊ नका. हॉर्न कोण वाजवतंय ते बघा, माहिती नसेल तर अंदाज करा. काही दिवसांत ड्रमंड कानाला ओळखता यायला लागतो.

तो ओळखायचा कसा? बाकीचे हॉर्न नाचत असतात आणि ट्रॉम्बोन मागे रेंगाळतो. सूर लांबवतो, खालच्या पट्टीत राहतो, बहुधा मायनरमध्ये. 'मॅन इन द स्ट्रीट' आणि 'ईस्टर्न स्टँडर्ड टाइम' या दोन चालींपासून सुरुवात करा. दोन्ही त्याच्याच. नाचायच्या लयीवर इतकं उदास काहीतरी ठेवायचं आणि तरी माणसं नाचत राहतात, ही करामत मला आजही नीट उकललेली नाही. ड्रमंडबद्दल वाचायला जाल तेव्हा एक गोष्ट समोर येईल, ती आधीच सांगतो. १९६५च्या जानेवारीत त्यानं आपली जोडीदार, मार्गारिटा या नावानं प्रसिद्ध असलेली नर्तकी अनिता महफूद हिचा खून केला. त्याला मनोरुग्णालयात ठेवलं आणि १९६९ साली तो तिथेच मेला. त्याच्या 'वेड्या प्रतिभे'च्या कहाण्या लोक फार चवीनं सांगतात. मला त्या आवडत नाहीत. मार्गारिटा स्वतः कलावंत होती, तिनं गाणंही रेकॉर्ड केलं होतं, पण त्या कहाण्यांमध्ये ती नुसती मरण्यापुरती येते.

स्कॅटलाइट्सचंच आणखी एक ऐका: 'गन्स ऑफ नॅव्हरोन'. १९६१च्या युद्धपटाचं डिमित्री टिओमकिनचं शीर्षकसंगीत त्यांनी उचललं आणि त्याच्याखाली स्कँक सरकवला. १९६७ साली ते ब्रिटनच्या यादीत चढलं तेव्हा बँड मोडून दीड-दोन वर्षं होऊन गेली होती. मूळ चाल आणि ही एकामागोमाग ऐकली की ठेक्यानं एखाद्या सुरावटीचं काय होतं ते दहा पानं वाचूनही समजणार नाही इतकं समजतं.

आता माग काढायला लागू. माणूस: रिको रॉड्रिग्ज. जन्म १९३४, क्यूबात. लहानपणीच किंग्स्टनला आला, अल्फात गेला आणि तिथे वयानं थोड्याच मोठ्या ड्रमंडकडून ट्रॉम्बोन शिकला. शाळेनंतर शहराच्या पूर्वेला वारेइका टेकड्यांत काउंट ओसी या रास्ताफारी (जमैकातला एक धार्मिक पंथ) ढोलवादकाच्या तळावर जाऊन वाजवायचा. १९६१ साली इंग्लंडला गेला, म्हणजे स्कॅटलाइट्स जन्मायच्या आधीच. तिथे वाजवण्यावर भागेना म्हणून कारखान्यातही राबला.

१९६७ साली लंडनमध्ये डँडी लिव्हिंगस्टननं 'रूडी, अ मेसेज टू यू' हे गाणं रेकॉर्ड केलं. त्यातला ट्रॉम्बोन रिकोचा. १९७९ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या स्पेशल्स या बँडनं तेच गाणं नव्यानं केलं, आणि ट्रॉम्बोनसाठी बोलावलं कोणाला? रिकोलाच. ही दोन्ही रेकॉर्ड आज रात्री लागोपाठ लावा. मधल्या बारा वर्षांत गिटारचा आवाज बदललाय, रेकॉर्डिंग बदललंय, गाणाऱ्यांची पिढी बदललीये, आणि तो साधा, उतरता ट्रॉम्बोन तसाच उभा आहे. 'पहिली लाट' आणि 'दुसरी लाट' म्हणजे काय, हे या दोन रेकॉर्डमध्ये आहे.

स्पेशल्सचा जेरी डॅमर्स, त्याचं टू टोन हे लेबल आणि काळ्या-पांढऱ्या चौकड्या यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. कॉव्हेंट्री हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर, १९७९पर्यंत उतरणीला लागलेलं. गोरी आणि कॅरिबियन मुळांची पोरं एका बँडमध्ये असणं हीच तेव्हा एक भूमिका होती, कारण रस्त्यावर नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे लोक फिरत होते. बँडचा गिटारवाला लिनव्हल गोल्डिंग याच्यावरही वर्णद्वेषी हल्ला झाला होता. १९८१ साली कॉव्हेंट्रीत एका भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याचा भरदिवसा खून झाल्यावर स्पेशल्सनी तिथे वर्णद्वेषाच्या विरोधात मोठी मैफल केली. त्याच वर्षी 'घोस्ट टाउन' आलं. ब्रिटनमध्ये शहरं पेटलेली असताना ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यातला ट्रॉम्बोनही रिकोचा, आणि सोबत डिक कटहेल.

इथे हॉर्नवाल्यानं जरा नाक मुरडायला हरकत नाही. टू टोनच्या बँडमध्ये खरा हॉर्न सेक्शन फारसा नव्हताच! स्पेशल्सचे सात जण होते त्यात एकही हॉर्न नाही. रिको आणि कटहेल पाहुणे. सिलेक्टरमध्ये ऑर्गन जोरात, हॉर्न नाहीत. मॅडनेसमध्ये ली थॉमसनचा एकटा सॅक्स. बर्मिंगहॅमच्या 'द बीट'मध्येही एकच सॅक्स, पण तो सॅक्सा नावाच्या जमैकन बुजुर्गाचा. बाकीची पोरं विशीतली आणि हा पन्नाशीच्या घरातला. त्याचा फुललेला, हवेशीर टेनर ऐकण्यासाठी तरी बीटची पहिली रेकॉर्ड ऐका. भरगच्च सेक्शन हवा असेल तर त्या काळात बॅड मॅनर्स, जे टू टोनवर नव्हतेच. हे सगळे एकत्र पाहायचे तर 'डान्स क्रेझ' हा १९८१चा मैफलीचा चित्रपट शोधा. सहा बँड, निवेदन नाही, मुलाखती नाहीत, नुसता घाम.

मॅडनेसवरून आठवलं. त्यांचं नाव प्रिन्स बस्टरच्या गाण्यावरून, 'वन स्टेप बियाँड' हीसुद्धा बस्टरचीच मूळ चाल. आणि स्पेशल्सचं 'गँगस्टर्स' बस्टरच्या 'अल कपोन'वरून उभं राहिलंय. अशा जोड्या लावून ऐकण्यासारखं शिक्षण नाही.

रिकोचा माग संपवून टाकू. १९७६चा त्याचा 'मॅन फ्रॉम वारेइका' हा अल्बम मिळवाच. तो स्का नाही, संथ रेगे आहे, पण ड्रमंडची शिकवण पुढे कुठे गेली ते त्यात ऐकू येतं. टू टोननंही त्याचे दोन अल्बम काढले. पुढे तो ब्रिटिश पियानोवादक जूल्स हॉलंडच्या ऑर्केस्ट्रात अनेक वर्षं वाजवत होता. २०१५ साली गेला. एका माणसाच्या मागे गेलो आणि किंग्स्टन, लंडन, कॉव्हेंट्री, तिन्ही पालथी घालून झाली.

आता अमेरिका, ती 'तिसरी लाट', म्हणजे तुमचा रील बिग फिश. न्यूयॉर्कमध्ये टोस्टर्स हा बँड १९८१पासून होता आणि त्याच्या रॉब हिंगलीनं मून स्का हे लेबल चालवलं. बॉस्टनच्या मायटी मायटी बॉसटोन्सनी स्कामध्ये हार्डकोर पंक मिसळला. १९९६-९७मध्ये अचानक रेडिओला हे आवडलं आणि कॅलिफोर्नियाच्या रील बिग फिशपासून फ्लॉरिडाच्या लेस दॅन जेकपर्यंत सगळ्यांची चलती झाली. दोन-तीन वर्षांत लाट ओसरली आणि मग 'स्का' हा अमेरिकेत चेष्टेचा विषय झाला. त्या चेष्टेकडे लक्ष देऊ नका.

या बँडमध्ये हॉर्न आहेत, वादकही तयारीचे आहेत. पण अरेंजर म्हणून माझी एक तक्रार आहे. गिटारला डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट) लावलं की मधल्या फ्रीक्वेन्सी तीच खाऊन टाकते, आणि ट्रॉम्बोन व टेनर राहतात नेमके तिथेच. मग काय करायचं? सगळे हॉर्न एकाच सुरावर, वरच्या पट्टीत, जोरात. कोरस आला की भडिमार, कडवं आलं की गप्प. दोन गाण्यांपुरतं मस्त वाटतं, अल्बमभर ऐकताना थकायला होतं. ऑपरेशन आयव्ही या बर्कलीच्या बँडनं तर हॉर्नच ठेवले नाहीत, आणि मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

या अडचणीतून वेगवेगळ्या वाटा काढणारे तीन बँड सांगतो. न्यू जर्सीचा स्ट्रीटलाइट मॅनिफेस्टो: लय पंकचीच, पण हॉर्न एकमेकांना छेद देत स्वतंत्र ओळी वाजवतात, खाली बॅरिटोन सॅक्सही असतो. २००३चा 'एव्हरीथिंग गोज नंब' घ्या. न्यूयॉर्कचे स्लॅकर्स: डिस्टॉर्शन जवळजवळ नाही, ग्लेन पाइनचा ट्रॉम्बोन आणि डेव्ह हिलयार्डचा टेनर एवढ्या दोघांवर ते सेक्शन उभा करतात. दोन हॉर्नमध्ये किती होऊ शकतं याचा हा वस्तुपाठ आहे, आणि तुमच्याकडे तर तीन आहेत. तिसरा लॉस एंजेलिसचा हेपकॅट, ज्यांनी पंकच्या धुमाळीतही साठीच्या दशकातला गोडवा सोडला नाही. यातला एकच निवडायचा तर मी स्लॅकर्स निवडेन.

याद्यांमध्ये इंग्रजी बँडच भरलेले असतात, म्हणून बाहेरचं थोडं. टोकियो स्का पॅराडाइज ऑर्केस्ट्रा १९८५पासून आहे. मापाचे सूट, बॅरिटोनसकट पूर्ण सेक्शन आणि एकही सूर इकडचा तिकडे न होणारी जपानी शिस्त. मात्र त्यांच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डपेक्षा मैफलीची चित्रणं पाहा. मेक्सिकोत स्का कधी ओसरलाच नाही. मालदिता वेसिनदाद आणि पँतेऑन रोकोको ही तिथली नावं. अर्जेंटिनाचे लोस फाबुलोसोस कादिलाक्स सुरुवातीला स्काच होते. स्पेनचे स्का-पी राजकीय आणि कर्कश, पण गर्दी पेटवावी त्यांनीच. भारतात दिल्लीचे स्का व्हेंजर्स २००९पासून आहेत. तरु दालमिया आणि मंडळींनी टू टोनचा राजकीय धागा नीट पकडलाय. गोव्यात २०१६ साली सुरू झालेल्या गोवा सनस्प्लॅशमध्ये जमैकन संगीताच्या सगळ्या शाखा ऐकायला मिळतात, पण तिथला कल साउंड सिस्टिम आणि रेगेकडे आहे. हॉर्न ऐकायला म्हणून जाल तर हिरमोड होईल.

आणि महिनाभर ऐकून तुम्हाला कळलं की आपल्याला ऑफबीटपेक्षा हॉर्नच जास्त आवडतात, तर बिनधास्त रस्ता बदला: मेम्फिस हॉर्न्सनी स्टॅक्स या अमेरिकन लेबलच्या गायकांमागे वाजवलेलं, टॉवर ऑफ पॉवर, फेला कुटीचा आफ्रिका ७०.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. ट्रम्पेट, टेनर, ट्रॉम्बोन. यापेक्षा चांगला तिघांचा संच नाही. टेनर आणि ट्रॉम्बोनच्या पट्ट्या बऱ्याच एकमेकांवर येतात, पण तिघांचा रंग वेगळा.

पहिली भानगड स्वरांची होईल, म्हणजे की कुठली घ्यायची त्याची. गिटारवाला 'ई'मध्ये किंवा 'ए'मध्ये सुरू करतो, कारण त्याच्या मोकळ्या तारा तिथे आहेत. ट्रम्पेट आणि टेनर बी फ्लॅटचे, म्हणजे त्यांच्या कागदावर 'सी' लिहिला की प्रत्यक्षात बी फ्लॅट वाजतो. गिटारच्या 'ई'ला त्यांच्या कागदावर एफ शार्प येतो, सहा शार्प. नवख्या ट्रम्पेटवाल्याचा निम्मा जीव त्यातच जातो आणि मग सेक्शन बेसूर वाजतो म्हणून बोलणी हॉर्नलाच. गिटारवाल्याला गोड बोलून एफ, बी फ्लॅट किंवा ई फ्लॅटवर आणा. बार कॉर्डवर, म्हणजे एका बोटानं सगळ्या तारा दाबून धरलेल्या कॉर्डवर, त्याला काहीच त्रास नाही, आणि स्कँक तर बार कॉर्डवरच उत्तम वाजतो. ट्रॉम्बोनचा कागद कॉन्सर्ट पिचमध्येच असतो, म्हणजे लिहिलेला सूर तोच वाजतो, हे विसरू नका. तिघांना एकच कागद देऊन बसलेले ग्रुप मी पाहिलेत.

दुसरं, हार्मनीची घाई करू नका. स्कॅटलाइट्सच्या बऱ्याच चालींचं मुख्य धृपद सगळे एकत्र, ट्रॉम्बोन एक सप्तक खाली असं वाजवतात. त्यातच ताकद आहे. वाक्याच्या शेवटच्या दोन-तीन सुरांवर फक्त तीन आवाज उघडा, म्हणजे तिघांना तीन वेगळे सूर द्या, की सेक्शन एकदम रुंद झाल्यासारखा वाटतो. पहिल्या सुरापासून तीन आवाज लावले तर नंतर उघडायला काही उरत नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, सूर संपवणं. सूर सुरू एकत्र करणं कोणालाही जमतं. कुठे तोडायचा हे ठरलेलं नसतं, आणि सेक्शन ढिला वाटतो तो तिथे. गिटारच्या स्कँकबरोबर वाजवायचे आखूड फटके 'टा' असे न वाजवता 'डट्' असे, जिभेनं मिटवून वाजवा. लांब सूर कितव्या ठोक्याला बंद होणार ते कागदावर लिहा. श्वास कुठे घ्यायचा तेही लिहा. ड्रम-गिटार नसताना तिघांनी अर्धा तास वेगळी तालीम करायची, आणि ती तोंडानं म्हणूनही करायची. आपल्याकडे बोल म्हणायची सवय आहे, तिचा इथे फार उपयोग होतो.

ओठांचा विचार अरेंजमेंटमध्येच करा. स्काची लय वेगवान, गाणी लागोपाठ, आणि ट्रम्पेटवाल्याचे ओठ अर्ध्या-पाऊण तासात उतरतात. मध्ये ऑर्गनचं किंवा नुसत्या बास-ड्रमचं कडवं ठेवा, दोन गाणी ट्रॉम्बोनला पुढे करा. डिसेंबरात उघड्यावर वाजवणार असाल तर थंडीत पितळेचा सूर खाली उतरतो. प्रत्येक गाण्याआधी वाद्यात गुपचूप गरम फुंकर घालत राहा आणि ट्यूनिंग पुन्हा तपासा.

चौथा वादक किंवा बदली माणूस हवा असेल तर संगीताच्या क्लासेसमध्ये शोधू नका. बँडमास्तरांना विचारा. लग्नाच्या बँडमध्ये, पोलीस बँडमध्ये आणि लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्यांत दमदार वादक आहेत. चालता चालता तासभर वाजवायची त्यांना सवय आहे, असा दम क्लासमधल्या पोरांकडे नसतो. फक्त लग्नसराईत त्यांच्या तारखा मिळत नाहीत आणि सुपारी ठरली की ती पाळायची, पैसे वेळेवर द्यायचे, 'एक्स्पोजर मिळेल' वगैरे बोलायचं नाही. त्यांना ऑफबीट समजावायला पाच मिनिटं लागतात.

सुरुवातीला दोनच चाली घ्या. 'मेसेज टू यू रूडी'ची हॉर्नची ओळ, जी सोपी आहे आणि लोकांना लगेच ओळखू येते, आणि 'गन्स ऑफ नॅव्हरोन', ज्यात तिघांनाही काम आहे आणि मध्ये प्रत्येकाला आळीपाळीनं सोलो घेता येतो. दोन्ही कागदावरून न शिकता रेकॉर्डवरून, कानानं उतरवून घ्या. पहिल्यांदा मूळ लयीपेक्षा बरीच हळू वाजवा. हळू लयीत स्कँक आणि हॉर्न एकमेकांवर नीट बसले तर वेग आपोआप येतो, उलटं कधी होत नाही. आणि स्टेजवर उभं राहताना ट्रॉम्बोनवाल्याला कडेला, पुढे मोकळी जागा ठेवून उभा करा. सातव्या पोझिशनला स्लाइड पुरी लांब जाते आणि गाणाऱ्याच्या मानेत बसते.